लॅग, लाग आणि काळा दोरा

खुशीत असलेला माणूस वायरवाल्याला कधी फोन करत नाही. त्यामुळे दिग्रसमध्ये सारं आयुष्य घरोघर फिरूनही मी जी माणसं पाहिली, ती सगळी चिडलेलीच पाहिली. आधी टीव्हीची केबल होती. मॅच रंगात आली आणि चित्र गेलं की माझ्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. आता काचेची बारीक तार आली, इंटरनेट आलं, पण शिव्या त्याच राहिल्या. देणारी तोंडं तेवढी तरुण झाली.

अंकवाले म्हणाले, सलीमभाऊ, बोलता तसं लिहा. बोलतो तसं सगळं लिहिलं तर पुण्याच्या वाचकाला शेजारी एक दिग्रसचा माणूस बसवावा लागेल, म्हणून मधला रस्ता काढतो. तोंडातून माणसं जे बोलली ते मात्र मी बदलणार नाही. ते माझं नाही.

आजकाल माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत निम्म्या एकाच शब्दाच्या असतात. लॅग. गेम खेळणाऱ्या पोट्ट्यांचा शब्द आहे. बापाला वाटतं नेट चालू आहे, व्हिडिओ दिसतो आहे, मग कायले बोंबलते हा. बाप आपल्या जागी बरोबर असतो आणि पोट्टा आपल्या जागी. दिग्रसहून पुसदला एसटी जाते ना, तिच्यात माणसं किती मावतात तो झाला स्पीड. पण पुसदच्या मावशीला तुम्ही कंडक्टरच्या हाती निरोप धाडला आणि तिचा उलट निरोप यायला जेवढा वेळ लागला, तो झाला पिंग. गाडी मोठी केली म्हणून निरोप लवकर येत नाही. हे लोकांना काही केल्या पटत नाही. ते मोठा प्लॅन घेतात आणि परत मलाच शिव्या देतात.

गेममध्ये असे निरोप सारखे जात-येत असतात. मी डावीकडे वळलो, मी गोळी झाडली, मला गोळी लागली. उलट निरोप उशिरा आला की आपला गडी इथे पळताना दिसतो, आणि तिकडे तो केव्हाच मेलेला असतो. फक्त आपल्याला ते कळलेलं नसतं. याला म्हणायचं लॅग.

तो घालवायचे उपाय साधे आहेत, आणि लोक नेमकं त्याच्या उलटं करतात. राउटर म्हणजे तो दिवे लुकलुकणारा डबा. तो उघड्यावर, उंचावर ठेवायचा असतो. एका जिनिंगवाल्या शेठजींनी तो लोखंडी कपाटात ठेवून कुलूप घातलं होतं, चोरीला जाईल म्हणून. वरून मला म्हणतात, रेंज काहून येत नाही. मी म्हटलं, शेठजी, रेंजपण कुलपातच आहे. एका घरी बाईंनी त्याला लोकरीचा स्वेटर विणून घातला होता. डबा तापून भाकरीचा तवा झालेला. तिसऱ्या घरी पोट्टा खाली गेम खेळतो आणि वर चार माणसं चार फोनवर सिनेमे उतरवून घेतात. एसटीच्या दारात बोचकी टाकल्यावर कंडक्टर निरोप घेऊन चढणार कुठून? बाप्पा, मी काय काय पाहिलं आहे. मला वाटत होतं की आता या धंद्यात मला धक्का बसेल असं काही उरलं नाही.

मग वसंतरावांच्या घरून फोन आला.

वसंतराव आमच्याच भागातले. चांगली शेती आहे, सोयाबीन, तूर, पऱ्हाटी. सरळ माणूस. त्यांचा एकुलता एक मुलगा अमोल, पुसदच्या कॉलेजला रोज जाऊन-येऊन करायचा. माझं डोकं खाणाऱ्या गिऱ्हाइकांत त्याचा पहिला नंबर. आठवड्यातून दोनदा दुकानात उभा. सलीमचाचा, पिंग वाढला. सलीमचाचा, लॅग होऊन राह्यला. त्याच्या घरची तार मी स्वतः दोनदा नव्यानं ओढून दिली होती. एकदा चिडून म्हटलं, बेटा, एवढा नेम अभ्यासात धरला असता तर कलेक्टर झाला असतास. तो हसला आणि म्हणाला, कलेक्टरच्या घरीपण लॅग असतोच चाचा.

पुसदच्या रस्त्यावर मोटरसायकलीला अपघात झाला आणि तो पोरगा गेला. सगळं गाव हळहळलं. मीही मातीला गेलो होतो. नंतर मनात वाट पाहत होतो की वसंतराव आता कनेक्शन बंद करायला सांगतील. घरात दोन म्हातारी व्हायला आलेली माणसं, त्यांना काय करायचं नेट? पण त्यांचा निरोप काही आला नाही, आणि मीही कसं विचारणार?

पावसाळा सरता सरता एक दिवस फोन वाजला. बायकी आवाज. शोभावहिनी, वसंतरावांची बायको. म्हणाल्या, सलीमभाऊ, लय लॅग होऊन राह्यला, येऊन पाहा ना.

ज्या घरात तो शब्द बोलणारा एकच जण होता आणि तो उरला नाही, त्या घरातून तोच शब्द, तसाच. मी दुकानात खाली बसलो. बायकोने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, पाणी दे.

गेलो दुसऱ्या दिवशी दुपारी. दारात वसंतराव. त्यांनी मला आत जाऊ न देता ओट्यावरच थांबवलं आणि हलक्या आवाजात सांगू लागले. घरात लाग आहे म्हणाले. शोभा दुपारची झाकपाक झाली की अमोलच्या खोलीत जाऊन दार लावते. अंगठ्यांना काळ्या टोप्या घालते. आणि आतून तिचा आवाज येतो, मेला, मेला, अजून एक मेला, झाडामागं हाय तो. मधूनच कपाळावर हात मारून म्हणते, लाग झाला, लाग झाला. शेजारणींनी ऐकलं आहे. सगळ्यांचं म्हणणं एकच, पोराचा जीव अडकला आणि आईले लागला.

आमच्याकडे लाग म्हणजे काय ते सांगतो. बाहेरचं काही माणसाच्या अंगाला चिकटलं की म्हणतात लाग झाला. लागीर म्हणतात तेच. वहिनी म्हणत होत्या लॅग, आणि भिंतीपलीकडे वसंतरावांना ऐकू येत होता लाग.

मी हसणार होतो. त्यांचं तोंड पाहिलं आणि हसू गिळलं. माणूस खरंच घाबरलेला होता. डोळ्यांखाली काळं झालं होतं. एक पोरगा गेला, आता बायको हातची चालली, एवढंच त्यांना दिसत होतं.

आत गेलो आणि भिंतीवरचा डबा पाहिला. या अल्लाह! डब्यातून जी बारीक पिवळी तार निघते, तिला काळ्या दोऱ्याच्या गाठीच गाठी मारलेल्या. खाली लिंबू, मिरच्या आणि बिब्बा लटकवलेला. त्या वजनानं तार पार दुमडून गेली होती. मी वसंतरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, जे येते ते ह्या वायरीतूनच येते ना? मंग वायरीलेच बांधलं.

हिशेब चुकला होता असं मी म्हणणार नाही. येतं ते वायरीतूनच. पण काचेच्या तारेतून उजेड धावत असतो, आणि तार जास्त वाकवली की उजेड वळणावरच बाहेर सांडतो. निरोप अर्धे पोचतात, अर्धे परत धाडावे लागतात. म्हणजे लॅग. लाग उतरवायला बांधलेल्या दोऱ्यानंच लॅग आणला होता. एवढ्या वर्षांत लाईन उंदरानं कुरतडलेली पाहिली, माकडांनी तोडलेली पाहिली, वरातीच्या डीजेच्या गाडीनं ओढून नेलेली पाहिली. उतारा बांधून मारलेली लाईन पहिल्यांदाच पाहिली.

दोरा हलक्या हातानं सोडला, वसंतरावांच्या हातात दिला. म्हटलं, दाराला बांधा, तारेला नका. नवी तार जोडली, तारेतला उजेड मोजायचं मीटर लावलं. लाईन साफ. मग वहिनींना सांगायला अमोलच्या खोलीचं दार ढकललं.

आता जे दिसलं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. शोभावहिनी पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या. पदर डोक्यावरून, त्या पदरावरून हेडफोन. नाकावर चष्मा. अंगठ्यांवर काळ्या कापडाच्या टोप्या, घामानं बोट अडकू नये म्हणून गेम खेळणारे पोट्टे घालतात त्या. अमोलच्याच. आणि हातातल्या फोनवर त्या बंदूक घेऊन पळत होत्या. सुपारीचं खांड न खाणारी, देवळात शेवटच्या रांगेत बसणारी बाई! मी दारातच उभा. त्या मान वर न करता म्हणाल्या, बसा भाऊ, येवढं झोन पार करू द्या.

झोन पार झाला नाही. मेल्या. मग हेडफोन काढून मला सगळं सांगितलं.

अमोल गेला तेव्हा त्याचा फोन घरीच राहिला होता. पहिले काही दिवस त्यावर गेमवाल्या दोस्तांची बोलावणी येत राहिली. चौघांची टोळी होती त्यांची. कोणी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, फक्त आवाज आणि गेममधलं नाव. ये ना भावा, एक जण कमी आहे. वहिनींना उत्तर लिहिता येईना. तो गेला, हे शब्द त्या लिहायला घेत आणि बोट थांबे. मग बोलावणी आपोआप थांबली. ते थांबलं ते जास्त लागलं, म्हणाल्या. म्हणून त्यांनी एकटीनंच दाबून दाबून गेम शिकून घेतली, आणि एका दुपारी अमोलच्या नावानं त्या पोरांच्यात जाऊन उभ्या राहिल्या. माईक कायम बंद. पोरांना वाटत होतं अमोलच आहे, रुसला असेल म्हणून बोलत नाही. तिकडून ती पोरं अमोल, अमोल म्हणून हाका मारत, आणि त्या ऐकत बसत.

“पन मी हळू हाये भाऊ,” त्या म्हणाल्या. “माह्यामुळे हरतात पोट्टे. ते म्हनतात, अमोल, तुझ्याकडे लॅग असन. अशान एक दिवस मले काढून टाकतीन. मले काढलं त काही नाई. पन नाव अमोलचं हाय. त्याले कोनी काढाव नाई.”

म्हटलं, वहिनी, लाईन दुरुस्त झाली. आता नाही होणार लॅग. बाहेर आलो तर वसंतराव वाट पाहत उभे. मी त्यांना समजावून सांगितलं, लाग नव्हे लॅग, भूत नव्हे गेम. त्यांनी ऐकून घेतलं. पण शेवटी म्हणाले, मेलेल्या पोराचं नाव घेऊन बाई रोज त्याच्या दोस्तांत जाऊन बसते, याले लाग नाही त काय म्हणाव? कापून टाका वायर. मी म्हटलं, जरा थांबा, पाहू.

काही दिवसांनी वहिनींचा पुन्हा फोन. लॅग गेला नाही. पोट्टे अजून तसंच म्हणतात.

आता मात्र माझ्या इज्जतीचा प्रश्न झाला. मी लाईन साफ करून दिली म्हणजे ती साफच असते, हे आख्ख्या तालुक्यात कोणीही सांगेल. गेलो. डबा अमोलच्या खोलीत आणून ठेवला, फोनच्या समोरच. फोनमधली फालतू ॲप बंद केली, कारण तीही मागच्या दारानं नेट खात असतात. गेममध्ये जवळचं सर्व्हर निवडलं आहे का पाहिलं. होतं. पिंग पाहिला. असा पिंग मी माझ्या दुकानातसुद्धा पाहिला नव्हता. तरी वहिनी खेळायला बसल्या, मेल्या, आणि हेडफोनमधून त्यांना ऐकू आलं की अमोल, तुझ्याकडे लॅग आहे भावा, जाऊ दे. त्या माझ्याकडे पाहू लागल्या. मी मीटरकडे. मीटर म्हणतं काही नाही, पोट्टे म्हणतात आहे. दोघांतलं एक खोटं बोलत होतं, आणि माझं मीटर खोटं बोलत नाही.

उरला फक्त हेडफोन. बिनवायरीच्या हेडफोनमध्ये आवाज मागे राहतो. पावलं वाजतात तेव्हा शत्रू दारातून आतही आलेला असतो. म्हटलं, वहिनी, हा काढा, फोनचा स्पीकर लावून पाहू. मी तो काढला, आवाज मोठा केला, आवाजाची चाचणी घ्यायला गेममधलं माईकचं बटण दाबून पाहिलं. वहिनी खेळू लागल्या आणि मी स्क्रीनवरच्या पिंगच्या आकड्यावर डोळा ठेवून वाकलो. बटण परत बंद करायचं राहून गेलं.

तेवढ्यात दारात वसंतराव येऊन उभे राहिले. त्यांना वाटलं होतं मी तार काढायला आलो आहे. पाहतात तर मी बायकोला खेळायला मदत करून राहिलेलो. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

“सलीमभाऊ, हात जोडतो. कापा ती वायर. पोरगं गेलं ते गेलं. आता बायको नाई जाऊ द्याची मले.”

आणि फोनमधून आवाज आला.

“काका, लाईन कापू नका.”

मी मागच्या मागे भिंतीला टेकलो. वसंतरावांनी चौकट धरली. वहिनींच्या हातून फोन गोधडीवर पडला, आणि पडल्या जागेवरून तो बोलतच राहिला. खोलीत अमोलचा फोटो, अमोलचा फोन, आणि फोनमधून तरुण पोराचा आवाज. खोटं कशाला सांगू, मलाही क्षणभर लागच वाटला.

आवाज उमरखेडच्या एका पोराचा होता, वैभव नाव. चौघांतला एक. अमोल गेला हे त्याला पुसदच्या कॉलेजातल्या कोणाकडून तरी लवकरच कळलं होतं. त्यानं बाकीच्या दोघांना सांगितलं. म्हणून तर बोलावणी थांबली होती. आणि मग एका दुपारी अमोल गेममध्ये येऊन त्यांच्या बाजूला उभा राहिला. तो पोरगा म्हणाला, काकू, आम्ही तिघांनीही फोन फेकले होते. मी तर आईजवळ जाऊन बसलो.

पण अमोल परत आला तो भिंतीला धडकत स्वतःभोवती गोल गोल फिरत होता. बंदूक उचलता येईना. मग पोरांना समजलं, भूत नाही, कोणीतरी शिकून राहिलं आहे. कोण, ते समजायला थोडे दिवस लागले.

“अमोल गेममधी कोनासाठी थांबत नव्हता काकू,” तो सांगू लागला. “औषध सापडलं का पयले सोतासाठी ठेवे. आमी पडलो का म्हने, मरा बे, अन् पुढं पळे. तुमी मात्र आमी पडलो का धावत येता. गोळ्या लागून राह्यल्या तरी बाजूले बसून राह्यता. सारं औषध आमाले देता अन् सोता मरता. असं आईशिवाय कोनी खेळत नाई.”

वहिनी फोनकडे पाहत होत्या, जणू तो पहिल्यांदाच दिसत होता. मग त्यांनी विचारलं ते एवढंच.

“मंग लॅग?”

“लॅग कुठला काकू. तुमाले खेळता येत नाई, हे तोंडावर कसं म्हनाव?”

मी इतक्या वर्षांत हजार घरी हजार कारणांनी लॅग शोधला. वाकलेली तार, तापलेला डबा, कपाटातली रेंज. तीन पोट्ट्यांनी एका आईचं मन राखायला लॅग बनवला आणि तो मी मीटर लावून शोधत होतो! तौबा. माझ्या हातातलं मीटर मला त्या क्षणी लहान पोराच्या खेळण्यासारखं वाटलं.

वहिनी रडल्या नाहीत. पदरानं चष्मा पुसला आणि फोन उचलून मांडीवर ठेवला. मी वसंतरावांकडे पाहिलं. ज्यांनी वायर कापायला हात जोडले होते, ते चौकट सोडून पुढे आले. त्या खोलीत ते पोराच्या मातीनंतर आलेच नव्हते, हे मला नंतर कळलं. पलंगापाशी वाकले. बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं फोनजवळ तोंड नेऊन, एकेक शब्द मोठ्यानं म्हणाले,

“पोट्टेहो, जेवले का रे?”

फोनमधून काही आलं नाही. एक नाही, दोन नाही. वहिनी घाबरल्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, भाऊ, लाईन गेली का?

मी मीटर पाहिलं. लाईन साफ होती.